दोन खुर्च्यांपुरतं ऊन

४ डिसेंबर

मास्तरीणबाई,

पोचल्याचा फोन आला तेव्हा मी "हो", "बरं" आणि "काळजी घे" एवढंच बोललो. तुला राग आला असेल. पण फोन पुढच्या खोलीत आहे आणि फोनशेजारच्या खुर्चीत तुझे वडील असतात. त्यांचे कान तुला माहीत आहेत. म्हणून पत्र. पत्राला आवाज नसतो.

लेकीची तब्येत बरी आहे हे ऐकून बरं वाटलं. बाळंतपणाला अजून पाच आठवडे म्हणजे तू वेळेवर पोचलीस.

लाँच शनिवारी पाण्याबाहेर काढली. इंजिनातलं पाणी काढलं, तळ खरवडला, सुकाणूच्या चाकाला गोणपाट गुंडाळलं. दर वर्षी याच्या दुसऱ्या दिवशी मी गोदामात कामाला हजर होतो. या वर्षी गोदामवाल्यांनी साठीच्या पुढचे नकोत म्हणून कळवलं. तर आता तीन महिने घरी. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिल्या दिवशी सवयीने पाचला उठलो. चपला सापडल्या नाहीत, तसाच अनवाणी स्वयंपाकघरात गेलो. फरशी बर्फासारखी. आणि ओट्यासमोरची चौथी फरशी गरम. मी पाय उचलला, परत ठेवला. गरमच. मग लक्षात आलं, बरोबर खाली बेकरीची भट्टी आहे. तू इतकी वर्षं तिथेच उभी राहून चहा करतेस आणि मला वाटायचं तुला खिडकीतून लाँचचा धक्का दिसतो म्हणून. मला कधी सांगितलं नाहीस. मी अर्धा तास त्या फरशीवर उभा होतो. कुठे जायचं नव्हतं.

नानांशी माझा अबोला आहे हे तुला नव्याने सांगायला नको. चार वर्षं झाली. कारण मला आजही माहीत नाही. तू म्हणतेस तुलाही नाही. मी त्यांना रेडिओ हळू लावायला सांगितलं होतं, त्याच आठवड्यात सुरू झालं, एवढं आठवतं. आतापर्यंत तू होतीस. "सांग तुझ्या वडिलांना" आणि "विचार तुझ्या नवऱ्याला" यांवर घर चाललं. आता सांगायचं कुणाला आणि विचारणार कोण? पहिले दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून एकही शब्द खर्च केला नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात रस्ते मोकळे झाले की तुझा दादा येऊन नानांना कायमचं घेऊन जाईल. ठरलेलंच आहे. दादाला एकाएकी बापाची आठवण कशी झाली याचं तुला आश्चर्य वाटलं होतं. मी तेव्हा काही बोललो नव्हतो. असो. दहा आठवडे आहेत. निघून जातील.

तुझा,
घरबशा

१३ डिसेंबर

मास्तरीणबाई,

कोंडी फुटली. पण तुला वाटतं तशी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना चहाचा कप हातात घेऊन किटलीकडे बघत म्हणाले, "चहात साखर पडलेली नाही."

मी खिडकीला म्हणालो, "साखरेचा डबा सापडत नाही."

"डबा पिठाच्या डब्यामागे असतो."

"तिथे कोण ठेवतं?"

"जिला समजतं ती ठेवते."

हे आमचं चार वर्षांतलं पहिलं संभाषण. बघ, त्यात "तुम्ही" नाही, "मी" नाही. तू वर्गात मुलांना कर्ता शोधायला सांगतेस. तुझ्या स्वतःच्या घरात दहा दिवस एकाही वाक्याला कर्ता नाही. "दार उघडं राहिलंय." "भाकड बातम्या ऐकू येताहेत." "सूप खाली लागलंय." आणि सगळी कामं होतात. दार लागतं, रेडिओ बंद होतो, सूप मात्र खाली लागलेलंच राहतं.

नाना यात माझ्यापेक्षा तरबेज आहेत. काल मी गाजरं चिरत होतो. ते मागे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लाकडं फोडायची जागा खाली अंगणात आहे." मला हसू आलं. मी तोंड गाजरांकडे ठेवलं. त्यांना पाठ हललेली दिसली असणार.

दुसरी गोष्ट उन्हाची. तू दिवसा शाळेत, मी दिवसा पाण्यावर. या घरातलं हिवाळ्याचं ऊन आपण दोघांनी पाहिलेलंच नाही. ते एकट्या नानांचं आहे. दहा वाजून वीस मिनिटांनी ते स्वयंपाकघरात येतं, एका खुर्चीएवढं. अकराला टेबलापाशी. बाराच्या सुमारास पुढच्या खोलीत शिरतं आणि दोन वीसला कपाटावरून निघून जातं. नाना खुर्ची घेऊन त्याच्या मागे मागे जातात. पाच थांबे आहेत. जमिनीवर पायांच्या खुणा पडल्यात. त्या खुणांवरून मी तुझ्याकडे कितीदा कुरकुर केली असेल! मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम ओरखडे पाडतो.

मी रोज सावलीत बसून त्यांच्याकडे बघायचो. माझ्या लाँचवरही लोक असेच उन्हाच्या बाजूला सरकतात आणि मी त्यांना ओरडतो, लाँच कलते म्हणून. मंगळवारी नाना टेबलापाशी डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "बारानंतर ऊन रुंद होतं."

हे आमंत्रण होतं की भूगोल, मला कळेना. बारा वाजता मी माझी खुर्ची घेऊन पुढच्या खोलीत गेलो. ऊन खरंच रुंद होतं. दोन खुर्च्या बसतात, मध्ये वीतभर जागा उरते. आम्ही दोन वीसपर्यंत बसलो. मी दोन संत्री सोलली. एक त्यांच्या बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने तिथे नुसत्या बिया होत्या.

एवढंच घडलं. पण मला दिवसभर काहीतरी मोठं हाताला लागल्यासारखं वाटत होतं.

तुझा,
घरबशा

ता. क. गोळ्या घेतो. जिन्यात घसरलो नाही. बेकरीवालीने फोनवर काही सांगितलं असेल तर तिला अतिशयोक्तीची सवय आहे. दोनच पायऱ्या होत्या.

२८ डिसेंबर

मास्तरीणबाई,

तुझ्या राखाडी स्वेटरबद्दल फोनवर विचारलंस. तो सुखरूप आहे. गरम पाण्यात धुतला. आता येणाऱ्या बाळाला बरोबर होईल असा अंदाज आहे.

घरात सध्या चालायला जागा नाही. लाँचचं कॅनव्हासचं छत मी घरी आणलं. दोन बाजूंची शिवण उसवली होती. दर वर्षी ते शिवायला बाहेर टाकतो. या वेळी म्हटलं, हात रिकामे आहेत, आपणच शिवू. दाभण आणलं, मेण लावलेला दोरा आणला आणि पुढच्या खोलीत पसरलं. छत सतरा फूट, खोली चौदा. उरलेलं तीन फूट स्वयंपाकघरात गेलं.

नाना खुर्चीतून बघत होते. मी पहिला टाका घातला. त्यांनी घसा खाकरला. दुसऱ्याला खुर्ची करकरली. दहाव्या टाक्याला ते उठून आत गेले, मला वाटलं सहन झालं नाही म्हणून. ते परत आले तेव्हा बोटात पितळी अंगुस्तान होतं.

"पोत्याचं तोंड असंच शिवतात," ते कॅनव्हासला म्हणाले.

"पोत्यात आणि यात काय फरक आहे?" मीही कॅनव्हासलाच विचारलं.

"पोतं एकदा शिवतात. यावर पाऊस पडतो, वारा ओढतो. ओढ कुठल्या बाजूने येते?"

मी सांगितलं. वारा नेहमी डाव्या अंगाने, वळण घेताना तर जास्तच. नानांनी खडूने एक रेघ मारली. मग मी घातलेले सगळे टाके एकेक करून उसवले. घाई नाही, राग नाही. म्हणाले, "ओढ आहे त्या बाजूला दुमड दुहेरी. टाका उलटा फिरून यायला हवा, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो."

चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेला माणूस आपल्या घरात सहा वर्षं राहतोय आणि मी त्यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात चहाचा कप धरताना थरथरतात, तुला माहीत आहे. सुई धरली की थरथर थांबते. मी दोनदा बघून खात्री केली.

आता रोजचा क्रम असा. सकाळी फरशी. ती मी नानांना दाखवली. म्हणजे मी तिच्यावरून बाजूला झालो आणि म्हणालो, "इथे गरम आहे." त्यांनी पाय ठेवला. त्यांच्या चेहऱ्याबद्दल काय लिहू, समोर असतीस तर नक्कल करून दाखवली असती. मग चहा. मग दहा वीस. ऊन पुढच्या खोलीत आलं की छत. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये सतरा फूट कापड. थंडी जास्त असेल तर कॅनव्हास मांडीवरून गळ्यापर्यंत ओढून घेतो आणि तसंच शिवतो. पडदा पडल्यावर खुर्चीत उरलेल्या दोन प्रेक्षकांसारखे दिसत असू.

आणखी एक. नाना झोपायच्या आधी स्वतःच्या अंथरुणावर गरम इस्त्री फिरवतात. शिंप्यांची जुनी युक्ती असावी. परवा मी दात घासून आलो, पांघरुणात शिरलो तर चादर गरम. पायांशी तर जास्तच. दुसऱ्या दिवशी मी किटलीला सांगितलं, "काल झोप चांगली लागली." किटली काही बोलली नाही. नाना पाव कुरतडत होते.

इस्त्री कुणी फिरवली? वाक्याला कर्ता नाही. पण मास्तरीणबाई, मी या वयात पलंगावर पडल्या पडल्या एकटाच हसलो.

तुझा,
घरबशा

११ जानेवारी

मास्तरीणबाई,

नात! काल फोन ठेवला आणि मी खोलीत मध्यभागी उभा राहिलो. नानांनी फोन ऐकला होताच, तरी मी मोठ्याने म्हणालो, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

नाना उठले, सुई कॅनव्हासमध्ये खोचली आणि म्हणाले, "लांबी किती?"

"कसली?"

"बाळाची लांबी."

असा प्रश्न फक्त तुझ्या बापालाच सुचू शकतो. मला माहीत नव्हतं. तुला परत फोन लावला, ते आठवत असेल. तू वैतागलीस. पन्नास सेंटीमीटर म्हटल्यावर नानांनी मेजरटेप काढली, पन्नास मोजून अंगठ्याने धरली आणि तेवढी टेप हातांवर आडवी घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे केली. मीही धरली. आम्ही दोघांनी आळीपाळीने तुझी नात हातात घेतली.

मी अंडी फोडली, ती न करपता जमली. तो दिवस फार चांगला होता. आजचा बिघडला, आणि बिघडला म्हणून मला चार वर्षांचं कोडं सुटलं. सविस्तर लिहितो.

दुपारी बेकरीवाली बाई गरम पाव घेऊन वर आली. बातमी तिला मीच जिन्यातून ओरडून सांगितली होती. तिने छत पाहिलं. शेवटची दोन हात शिवण राहिली होती. ती खाली वाकली, दुमडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर कारखान्यातून आणल्यासारखं दिसतंय! हाताने केलंय असं वाटतच नाही."

नानांनी अंगुस्तान काढलं. खिशात ठेवलं. खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाई म्हणाली, "माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही हो, दमलेत." ती गेली. नाना जेवायला आले नाहीत. ऊन रुंद झालं, कपाटावरून निघून गेलं, त्यांची खुर्ची रिकामी.

आणि मी तिथेच बसलो असताना मला माझाच आवाज ऐकू आला.

माझी लाँचवर तेवीस वर्षं झाली तेव्हा नानांनी माझ्यासाठी कोट शिवला होता. काळसर निळा. तू, लेक, तुझा दादा, सगळे होतात. मी आरशासमोर उभा राहिलो, बटणं लावली, वळून बघितलं. खरंच इतका सुंदर कोट मी आयुष्यात घातला नव्हता. आणि मी म्हणालो, "नाना, कमाल! अगदी रेडीमेड वाटतोय."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मला यापेक्षा मोठं कौतुक येत नव्हतं. माझ्या लहानपणी घरी शिवलेले कपडे म्हणजे एक बाही लांब, एक आखूड. रेडीमेड म्हणजे दुकानाच्या काचेमागचं, आपल्याला न मिळणारं. आणि नानांचं दुकान कशाने बंद पडलं, ते तुला सांगायला नको. समोर रेडीमेडचं दुकान उघडलं म्हणून.

मी त्यांच्यासमोर, त्यांच्याच कोटात उभा राहून, सगळ्यांदेखत तो शब्द बोललो. रेडिओचा काही संबंध नव्हता.

कपाटातून कोट काढला. त्या दिवसानंतर मी तो जपून ठेवला होता, चांगल्या प्रसंगासाठी. नानांना वाटलं असणार, आवडला नाही. खिडकीपाशी नेऊन बघितला. चार वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला. उजवा खांदा डाव्याहून किंचित खाली कापलाय. माझा तसाच आहे, चाकामुळे. डावा खिसा दोन बोटं जास्त खोल, कारण मी त्यात शिट्टी ठेवतो आणि ती वाकताना पडते. आतल्या बाजूला काखेत अस्तराची जादा घडी, हात वर करून दोर फेकता यावा म्हणून. कुठल्या कारखान्याला माझी शिट्टी माहीत आहे?

मी कोट घातला. सगळी बटणं लावली. घरात, पायजम्यावर. संध्याकाळी सूप गरम करून दोन वाट्या टेबलावर ठेवल्या आणि बसलो. दार उघडलं. नाना आले, बसले, चमचा उचलला, आणि त्यांनी पाहिलं.

सूप निवलं.

"तुमचा खांदा आणखी उतरलाय," ते म्हणाले. "काढा तो."

तुमचा, मास्तरीणबाई. षष्ठी विभक्ती.

मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी मला दुसरा शब्द येत नव्हता."

"कोणता दिवस?" म्हणाले. म्हातारा पक्का आहे. मग कोट उलटा करून खांद्याची शिवण उसवायला घेतली. सूप परत गरम केलं. ते कोटाकडे बघत म्हणाले, "मीठ बरं आहे आज." बेकरीवालीला काय सांगायचं ते सुचव.

तुझा,
आजोबा

२९ जानेवारी

मास्तरीणबाई,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं.

आधी बरं ते लिहितो. छत पूर्ण झालं. कोटाचा खांदा झाला. नाना आता एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत, चार वर्षांचं साठलंय. मटार सोलताना मला कुठल्या गिऱ्हाईकाचं पोट कुठल्या बाजूला होतं ते ऐकवतात. माझ्या शेंगा त्यांच्या बाजूला सरकवतात आणि म्हणतात, "जावईबापू, बोटं चालवा, तोंड नको." बोलत ते असतात. बर्फ पडला त्या दिवशी आम्ही दोघं खिडकीत उभे राहून रस्त्यावर कोण कसं घसरतं त्याला गुण दिले. पोस्टमनला दहापैकी नऊ मिळाले. तो पडला नाही, पण पत्रं वाचवायला त्याने जे केलं ते पाहण्यासारखं होतं. तुझं पत्र त्यातलंच.

आता दुसरं. सोमवारी झाडू मारताना नानांच्या खाटेखाली ट्रंक लागली. जड. बाहेर ओढली. कपडे भरलेले, घड्या घालून, वर कागद. मी विचारलं, "नाना, एवढ्यात भरलीत?" म्हणाले, "सप्टेंबरपासून भरलेलीच आहे. ऐन वेळी धांदल नको." मग त्यातला एक सदरा काढून घातला, कारण अंगावरचा धुवायला टाकायचा होता. म्हणजे पाच महिने तुझा बाप या घरात ट्रंकेतून काढून कपडे घालतोय आणि धुऊन परत ट्रंकेत ठेवतोय.

दादाला बापाची आठवण झाली नव्हती. मी त्याला पत्र लिहिलं होतं. सप्टेंबरमध्ये, तुला न सांगता. तू हिवाळाभर लेकीकडे जाणार हे ठरलं आणि मला या घरातल्या शांततेची भीती वाटली. पुढच्या हिवाळ्यांचीही. मी लिहिलं, "नानांना तुमच्याकडे बरं वाटेल." माझ्या सोयीला मी त्यांचं बरं वाटणं म्हटलं. दादा चांगला माणूस आहे, त्याने लगेच हो म्हटलं.

आता मला ते जायला नको आहेत. हे त्यांना सांगायचं तर ते पत्रही सांगावं लागेल. तू फोनवर त्यांच्याशी बोल. तू म्हटलंस तर ते ऐकतील. दादालाही तूच समजाव. अठरा दिवस आहेत.

तुझा,
मी

१० फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तुझं पत्र आलं. चार ओळी. नातीच्या फोटोच्या मागे लिहिलेल्या, म्हणजे फोटो भिंतीवर लावला की त्या दिसणार नाहीत. तेवढी दया केलीस.

"तुम्ही लिहिलंत ते तुम्हीच पुसा. माझ्याकडून निरोप जाणार नाही. चार वर्षं पोचवले, पुरे झाले. स्वेटरचंही कळलं."

बरोबर आहे.

रोज सकाळी ठरवतो, आज सांगू. चौथ्या फरशीवर आम्ही आता पाळीपाळीने उभे राहतो. ते उभे असताना मी सांगू शकत नाही, कारण ते खुशीत असतात. उन्हात बसल्यावर सांगू म्हटलं तर ऊन आता जास्त वेळ थांबतं, तीन वाजेपर्यंत, आणि ते मला काज करायला शिकवत असतात. माझं काज उंदराने कुरतडल्यासारखं होतं. ते म्हणतात, "उंदीर बरा." मला हसू येतं आणि दिवस जातो. इतकं चांगलं चाललेलं असताना वाईट बोलायला फट सापडत नाही. दादा सतराला येतोय.

तुझा,
मी

१८ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

दादा काल आला. साडेअकराला, गाडीच्या टपावर दोर बांधून. जिन्यातूनच बोलत बोलत वर. "नाना, खोली रंगवून घेतली! मीच रंगवली, दोन रविवार लागले. खिडकी दक्षिणेला, दिवसभर ऊन. भाऊजी, ट्रंक एकच ना?"

नाना खुर्चीत होते. उठले नाहीत. मी ओट्यापाशी, हातात डाव. अठरा दिवस मी चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणालो, "नाना कुठे जात नाहीत. ते इथेच राहणार आहेत. ते पत्र मी माझ्या सोयीसाठी लिहिलं होतं, दादा. चूक माझी आहे. तुम्ही जेवा."

दादाने नानांकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, हे पत्र नानांना आत्ता कळतंय. त्याचा चेहरा पडला.

नाना म्हणाले, "कुणी ठरवलं?"

मी म्हणालो, "काय?"

"मी राहणार आहे हे. पाठवायचं पत्र लिहिलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. आता ठेवून घेतानाही विचारलं नाहीत. जावईबापू, मी काय पार्सल आहे?"

"नाना, तुम्हाला पत्राचं माहीत होतं?" दादाने विचारलं.

"अरे, तुझी वर्षाला एक चिठ्ठी यायची, ती पण ख्यालीखुशालीची. एकदम चार पानं प्रेम आलं. तेव्हाच कळलं, कुणीतरी चावी दिली."

दादा लाल झाला. हळूच म्हणाला, "पण खोली मी माझ्या मनाने रंगवली."

खाली बेकरीत ट्रे आपटल्याचा आवाज आला. मी डाव खाली ठेवला, हात पुसले आणि खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो.

"नाना, राहाल का आमच्याकडे?"

"जेवून सांगतो," म्हणाले.

मास्तरीणबाई, ते जेवण. मी सत्तावीस वर्षांत धुक्यात लाँच नेली, एकदा इंजिन बंद पडून मध्यावर राहिलो, पण असा घाम फुटला नव्हता. नानांनी सूप दोनदा घेतलं. पावाच्या कडा सोडवून शेवटी खाल्ल्या. दादा आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो. मग नानांनी संत्रं घेतलं. साल एकसंध काढली. फोड, फोड, फोड. शिरा काढून.

"कोणता रंग?" त्यांनी विचारलं.

"अं?" दादा दचकला.

"खोलीला."

"पिवळा. फिका."

"फिका बरा. गडद पिवळ्यात कापडाचा रंग खरा दिसत नाही." फोड तोंडात. "उन्हाळ्यात येईन तुझ्याकडे. महिनाभर. खोली बंद ठेवू नकोस, रंगाचा वास राहतो."

दादाला कळायला वेळ लागला. मला त्याहून जास्त. मी विचारलं, "आणि बाकीचे अकरा महिने?"

"तुमच्या हातचं काज बघितलंय मी," नाना म्हणाले. "ते असं सोडून जाता येतं का?"

दादा आधी हसला. मोठ्याने, डोळे पुसत. राग गेला की राहिला मला माहीत नाही, पण त्याने तिसऱ्यांदा सूप मागून घेतलं. आज दुपारपर्यंत राहिला. उन्हात तीन खुर्च्या मावत नाहीत, म्हणून तो जमिनीवर बसला, आमच्या मध्ये, आणि तिथेच झोपला. नानांनी त्याच्या अंगावर आपलं जाकीट टाकलं.

निघताना नाना त्याला म्हणाले, "माझं मशीन तुझ्या माळ्यावर पडलंय. पुढच्या महिन्यात टपावर बांधून घेऊन ये. पायाचं आहे, चार माणसं लागतील. मुलगी पन्नास सेंटीमीटरची आहे, थांबणार आहे का ती तेवढीच?"

दादा गेला. नानांनी मेजरटेप काढली, एक टोक मला धरायला दिलं आणि आम्ही पुढची खोली मोजली. मशीनला उजेड डावीकडून हवा, पाठीला भिंत हवी, आणि पाय मारायला जागा. अशी जागा या घरात एकच आहे. तिथे तुझं पुस्तकांचं कपाट आहे. उद्या सकाळी आम्ही दोघं ते हलवतोय. दुसरीकडे कुठेच बसत नाही, ते दाराच्या मागे जाईल. मी म्हणालो, "तिला विचारायला हवं." नाना म्हणाले, "पत्रात लिहा."

तर लिहिलं. तू येशील तेव्हा दार पूर्ण उघडणार नाही. अंग चोरून आत ये.

तुझा,
आजोबा